‘मे’ : एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आणि अधिकार

जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, जबलपूरपासून सुमारे १५ किलोमीटरांवर पनागर हे तहसिलीचे गाव लागते. तेथील शेतकऱ्याच्या, दुकानदाराच्या किंवा शिक्षकाच्या हाती कायद्याचा कागद पडतो तो बहुधा हिंदी भाषेत. त्या कागदात दोन क्रियारूपे पुनःपुन्हा आढळतात : एक ‘करेगा’ आणि दुसरे ‘कर सकेगा’. वरवर पाहता दोहोंत फरक एका लहानशा शब्दाचा. परंतु पहिल्यात अधिकाऱ्यावर सोपविलेले काम आहे, तर दुसऱ्यात त्याच्या हाती दिलेली सत्ता आहे. आणि अर्जदाराच्या पदरात काही पडणार की नाही, हे कित्येकदा या फरकावरच अवलंबून असते. हाच कागद महाराष्ट्रात निघाला असता तर त्यात ‘करील’ आणि ‘करता येईल’ अशी रूपे दिसली असती. हिंदीतील आणि मराठीतील या दोन्ही जोड्यांच्या मागे इंग्रजीतील एकच जोडी उभी आहे : ‘शॅल’ आणि ‘मे’.

कागद हिंदी असो वा मराठी, वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला म्हणजे बोट बहुधा इंग्रजी शब्दावरच ठेवले जाते. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ अन्वये, संसद अन्यथा तरतूद करीपर्यंत, कायद्यांचे प्राधिकृत पाठ इंग्रजीत असावयाचे आहेत. राज्याच्या विधिमंडळाने दुसऱ्या भाषेत कायदा केला, तरी राज्यपालांच्या प्राधिकाराने प्रसिद्ध झालेले त्याचे इंग्रजी भाषांतर हाच त्याचा इंग्रजीतील प्राधिकृत पाठ मानला जातो. म्हणून ज्याला इंग्रजीचे एक अक्षरही येत नाही, अशा माणसाच्या आयुष्यातही ‘मे’ हे क्रियापद शिरलेले असते.

या प्रदेशाला भाषांतराचा प्रश्न नवा नाही. जबलपूर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते. पुढे १८६१ साली मध्यप्रांत स्थापन झाला आणि नागपूर ही त्याची राजधानी झाली. हिंदी व मराठी या दोन भाषांचा हा प्रांत होता आणि त्याचे कायदे मात्र इंग्रजीत लिहिले जात. स्वातंत्र्यानंतर १९५० साली हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा ठरविणारा कायदा झाला, डॉ. रघुवीर यांनी शासनव्यवहाराची परिभाषा घडविण्याचे काम नागपुरातच केले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला आले, आणि एकाच कायद्याचे हिंदी व मराठी वाचक दोन राज्यांत विभागले गेले.

परिभाषेत नामांची अडचण तुलनेने कमी असते. नाम नवे घडविता येते आणि ते रुळवताही येते. खरी कसोटी लागते ती ‘मे’सारख्या क्रियापदाशी गाठ पडल्यावर, कारण त्याला स्वतःची अशी क्रियाच नसते. ते दुसऱ्या क्रियापदाला चिकटते आणि त्या क्रियेकडे बोलणारा कोणत्या दृष्टीने पाहतो, एवढेच सांगते.

नित्य व्यवहारातील ‘मे’

बोलण्यातील आणि सामान्य लेखनातील इंग्रजी पाहिले, तर ‘मे’चे चार प्रमुख उपयोग दिसतात.

पहिला परवानगीचा. वर्गाच्या दारात उभा असलेला विद्यार्थी ‘मे आय कम इन?’ असे विचारतो, तेव्हा आत येण्याचे सामर्थ्य आपल्या पायांत आहे की नाही, हा त्याचा प्रश्न नसतो. प्रश्न असतो तो शिक्षकांच्या संमतीचा. जुने इंग्रजी शिक्षक या ठिकाणी ‘कॅन’ हे क्रियापद चालू देत नसत. ‘कॅन’ने कुवत विचारली जाते आणि ‘मे’ने परवानगी, असा त्यांचा दंडक होता. आजच्या बोलण्यात परवानगीसाठीही ‘कॅन’ सर्रास वापरले जाते. ‘मे’ हे अधिक अदबीचे आणि अधिक औपचारिक राहिले आहे.

दुसरा उपयोग शक्यतेचा. ‘इट मे रेन’ म्हणजे ‘पाऊस पडेलही’, ‘कदाचित पाऊस पडेल’. येथे पावसाला कोणी मुभा दिलेली नाही. बोलणाऱ्याला खात्री नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘माइट’ या रूपाने ही अनिश्चितता बहुधा आणखी वाढते.

तिसरा उपयोग इच्छेचा किंवा आशीर्वादाचा. या वेळी ‘मे’ वाक्याच्या आरंभी येते : ‘मे यू लिव्ह लाँग’. मराठीत येथे कोणतेही सहायक क्रियापद लागत नाही. ‘दीर्घायुषी हो’, ‘देव तुझे भले करो’ या रूपांनीच काम होते.

चौथा उपयोग एखादी गोष्ट तात्पुरती मान्य करून पुढे तिला छेद देण्याचा. ‘ही मे बी पुअर, बट ही इज ऑनेस्ट’ याचा अर्थ ‘तो गरीब असेल, पण प्रामाणिक आहे’. मराठीतील ‘असेल’ हा भविष्यकाळ येथे भविष्याविषयी काहीच सांगत नाही. समोरच्याचे म्हणणे क्षणभर मान्य केल्याची ती खूण आहे.

या चार अर्थांचे मूळ शोधीत गेल्यास मौजेची गोष्ट आढळते. प्राचीन इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ ‘समर्थ असणे’, ‘बळ असणे’ असा होता. सामर्थ्यवाचक ‘माइट’ हे इंग्रजी नाम आणि ‘माख्ट’ हा जर्मन शब्द याच कुळातील आहेत. बळ, त्यावरून शक्यता, त्यावरून परवानगी, अशी या शब्दाची वाटचाल झाली. कायद्याच्या भाषेत हा शब्द पुन्हा आपल्या मूळ घराच्या जवळ जातो. कायद्यातील ‘मे’ हा मुख्यतः सत्ता देणारा शब्द आहे.

नकार जोडला म्हणजे मात्र घोटाळा होतो. ‘ही मे नॉट एंटर’ या वाक्याचे दोन अर्थ होतात : ‘तो कदाचित आत येणार नाही’ आणि ‘त्याने आत येता कामा नये’. पहिल्यात अंदाज आहे, दुसऱ्यात मनाई. म्हणूनच कायद्याचा जाणकार मसुदाकार मनाईसाठी बहुधा ‘शॅल नॉट’ वापरतो. मराठीत त्याचे ‘करणार नाही’ किंवा ‘केले जाणार नाही’ असे रूप होते.

मराठीची तयारी

मराठीत ‘मे’ला एकच एक प्रतिशब्द नाही. हे मराठीचे दारिद्र्य नव्हे. उलट, इंग्रजीने एका शब्दात गुंडाळून ठेवलेले अर्थ मराठी वेगवेगळे करून दाखविते. मात्र त्यामुळे भाषांतरकाराला प्रत्येक वेळी निवड करावी लागते, आणि निवड करणे म्हणजे अर्थ ठरविणे होय.

‘शासन अनुदान देऊ शकेल’ या वाक्यात सामर्थ्य आहे. तिजोरीत पैसा आहे की नाही, अशी शंका येथे वाचकाच्या मनात येऊ शकते. ‘शासनास अनुदान देता येईल’ या वाक्यात शासन कर्त्याच्या जागेवरून दूर सरते. त्याला ‘स’ प्रत्यय लागतो आणि अनुदान देण्याचा मार्ग त्याच्यापुढे खुला होतो. सत्ता बाहेरून, म्हणजे कायद्याकडून, आलेली आहे हे या रचनेतून आपोआप सूचित होते. राज्य स्थापन झाल्यावर १९६० मध्ये महाराष्ट्र शासनाने भाषा संचालनालय सुरू केले. तेव्हापासून स्थिरावत गेलेल्या विधिमराठीत सत्तेच्या अर्थाने ही ‘-ता येईल’ची रचना रूढ झाली, ती उगीच नव्हे. ‘शासन अनुदान देईल’ असे म्हटले की मार्गाचा प्रश्न मिटतो आणि कर्तव्य उरते.

या दोहोंच्या मध्ये मराठीचे एक जुने रूप उभे आहे : ‘शासनाने अनुदान द्यावे’. व्याकरणकार याला विध्यर्थ म्हणतात आणि कर्तव्य, योग्यता, इच्छा, शक्यता असे अनेक अर्थ त्याच्या पदरी घालतात. ‘मुलांनी वडीलधाऱ्यांचा मान राखावा’ हे कर्तव्य, ‘मला बक्षीस मिळावे’ ही इच्छा, आणि ‘तो एव्हाना पोहोचला असावा’ हा तर्क. ‘द्यावे’ म्हणजे द्यायलाच हवे, की दिल्यास बरे? आपल्या घरातही ‘मे’चा एक भाऊबंद नांदतो आहे, हे मराठी वाचकाने विसरू नये. ‘द्यावे’च्या या लवचीकपणामुळेच काटेकोर विधिलेखनात त्याचा वापर बेताने करावा लागतो.

काही ठिकाणी ‘मे’ हा शब्द भाषांतरात पूर्णपणे नाहीसा व्हावा लागतो. कायद्यात ‘अ‍ॅज द केस मे बी’ हा शब्दप्रयोग पावलोपावली येतो. त्यात सत्ता नाही, परवानगी नाही आणि अंदाजही नाही. दोन-तीन पर्यायांपैकी जो लागू पडेल तो घ्यावा, एवढेच त्याचे सांगणे. विधिमराठीने त्यासाठी ‘यथास्थिति’ हा एकच शब्द योजला. शब्दाला शब्द न ठेवता कार्याला शब्द ठेवण्याचे हे चांगले उदाहरण होय.

सत्ता कोणासाठी?

येथपर्यंत नियम सरळ दिसतो : ‘शॅल’ म्हणजे कर्तव्य आणि ‘मे’ म्हणजे मुभा. परंतु न्यायालयांनी हा नियम कधीच इतका सरळ मानला नाही.

इंग्लंडमध्ये १८८० साली ज्यूलियस विरुद्ध ऑक्सफर्डचे बिशप हा खटला उमराव सभेपुढे आला. एका धर्मगुरूच्या उपासनापद्धतीविरुद्ध केलेल्या तक्रारीवर बिशपने कारवाई केलीच पाहिजे का, हा वाद होता. संबंधित कायद्यातील शब्द ‘मे’ नव्हते. बिशपने तसे करणे ‘कायदेशीर राहील’, अशा आशयाचे होते. परंतु प्रश्न तोच होता. बिशपला निर्णयाची मोकळीक आहे, असा निकाल झाला. तरीही लॉर्ड केर्न्स यांनी त्या वेळी मांडलेले तत्त्व पुढे सर्वत्र आधाराला घेतले गेले. त्याचा आशय असा की, असे शब्द केवळ सत्ता देतात. पण दिलेल्या सत्तेच्या स्वरूपात, तिच्या हेतूत किंवा जिच्या हितासाठी ती दिली आहे त्या व्यक्तीच्या स्थितीत असे काही असू शकते की, ती सत्ता वापरणे हेच सत्ताधाऱ्याचे कर्तव्य होऊन बसते.

याचा अर्थ ‘मे’ हा शब्द आपला अर्थ बदलून ‘शॅल’ होतो, असा नव्हे. ‘मे’ सत्ताच देतो. कर्तव्य येते ते शब्दाबाहेरून, ज्याच्यासाठी सत्ता दिली त्या माणसाच्या हक्कातून. किल्ली कोठीवाल्याच्या हाती असते, कोठी उघडण्याचा अधिकार त्याचाच असतो. पण धान्य ज्याचे त्याने येऊन मागितले आणि त्याची मालकी पटली, म्हणजे ‘उघडणे न उघडणे माझ्या मर्जीवर’ असे कोठीवाल्याला म्हणता येत नाही.

भारतात या तत्त्वाचा एक ठळक निर्णय १९६३ सालचा आहे. उत्तर प्रदेशातील शिस्तभंगाच्या नियमांत असे म्हटले होते की, राजपत्रित अधिकाऱ्याने स्वतः विनंती केल्यास राज्यपालांना त्याचे प्रकरण प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे पाठविता येईल. शब्द ‘मे’ असल्यामुळे विनंती मानणे आपल्या इच्छेवर आहे, असे शासनाचे म्हणणे होते. उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध जोगेंद्र सिंह या खटल्यात न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी या युक्तिवादाचे उत्तर शब्दकोशात न शोधता नियमांच्या रचनेत शोधले. आधीच्या पोटनियमाने राज्यपालांना प्रकरण पाठविण्याची मोकळीक दिलेलीच होती. मग पुढच्या पोटनियमातील ‘मे’ने तीच मोकळीक पुन्हा दिली असे मानल्यास तो पोटनियम निरर्थक ठरतो. तो लिहिला गेला होता अधिकाऱ्याला निवडीची संधी देण्यासाठी. म्हणून त्याने विनंती केल्यावर प्रकरण पाठविणे भाग आहे, असे न्यायालयाने ठरविले. ‘मे’चा सामान्य अर्थ ‘केलेच पाहिजे’ असा नसतो, हेही न्यायालयाने त्याच निर्णयात स्पष्टपणे सांगितले आहे.

नर्मदाकाठचे एक प्रकरण

दुसरे उदाहरण जबलपूरकरांच्या अधिक जवळचे आहे. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळाने १९४८ साली जमीन महसुलातील जुन्या सवलती रद्द करणारा कायदा केला. पिढ्यान्‌पिढ्या महसुलाची सूट उपभोगणारे जहागीरदार, माफीदार आणि उबारीदार यांची ती सवलत त्यामुळे संपली. मात्र त्याच कायद्याने एक खिडकी उघडी ठेवली होती. सवलत गेल्यामुळे ज्यांचे नुकसान झाले त्यांनी अर्ज करावा. धार्मिक, धर्मादाय किंवा सार्वजनिक संस्थांच्या निर्वाहासाठी, तसेच पूर्वीच्या राज्यकर्त्या प्रमुखाच्या वंशजांच्या कुटुंबांच्या योग्य निर्वाहासाठी शासनास रोख अनुदान किंवा निवृत्तिवेतन देता येईल, अशी ती तरतूद होती. मूळ इंग्रजीत शब्द होता ‘मे’.

होशंगाबाद (२०२२ पासून नर्मदापुरम) आणि निमाड या जिल्ह्यांतील काही कुटुंबांनी आपण अशा राज्यकर्त्यांचे वंशज असल्याचे सांगून अर्ज केला. शासनाने तो फेटाळला आणि त्याची कारणे दिली नाहीत. देणे आमच्या मर्जीवर आहे, ही शासनाची भूमिका होती आणि उच्च न्यायालयात अर्जदारांना यश आले नाही. सरदार गोविंदराव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६४ साली त्याचा निकाल लागला. कायद्याने सांगितलेली परिस्थिती सिद्ध झाल्यास येथील ‘मे’ला बंधनाचे बळ आहे, असे न्यायालयाने मानले. अर्जदार त्या वर्गात बसतात की नाही, हे शासनाने न्यायिक पद्धतीने, त्यांचे म्हणणे ऐकून ठरवावयास हवे होते. ते झाले नव्हते. म्हणून शासनाचा आदेश रद्द करून प्रकरण पुन्हा निकालात काढण्यास सांगण्यात आले.

या निर्णयात भाषेच्या अभ्यासकाने टिपून ठेवावी अशी गोष्ट आहे. न्यायालयाने अनुदानाची रक्कम ठरविली नाही, आणि अर्जदार वंशज आहेत असेही जाहीर केले नाही. त्याने एवढेच ठरविले की, ‘देता येईल’ या शब्दांच्या आड बसून अर्ज न तपासता फेटाळता येत नाही. सवलत काढून घेणारा कायदा आणि तिची भरपाई सांगणारे कलम एकाच कागदावर असताना भरपाईचे कलम केवळ दयेचे मानणे न्यायाला धरून झाले नसते.

त्या कायद्याचे मराठी भाषांतर करणाऱ्याने ‘मे’साठी काय लिहावे? त्याने ‘शासन अनुदान देईल’ असे लिहिले, तर वाद होण्यापूर्वीच त्याने निकाल दिला असे होईल. ‘शासनास वाटल्यास अनुदान देता येईल’ असे लिहिले, तर ‘वाटल्यास’ हा मुळात नसलेला शब्द घालून त्याने अर्जदारांचा युक्तिवाद आधीच खोडून काढला असे होईल. ‘देता येईल’ हेच प्रामाणिक भाषांतर. कारण मूळ शब्दाने जेवढे उघडे ठेवले तेवढेच ते उघडे ठेवते. भाषांतरकाराने न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसू नये, तसेच शासनाच्या वकिलाचा झगाही घालू नये.

याच्या उलट दिशेचे उदाहरणही आहे. अनुच्छेद ३२० मध्ये शासकीय सेवकांविषयीच्या काही बाबींत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याविषयी ‘शॅल’ हा शब्द आहे. तरीही तो सल्ला घेतला गेला नाही एवढ्याच कारणाने शासनाची कारवाई रद्द होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली मनबोधनलाल श्रीवास्तव यांच्या प्रकरणात ठरविले. म्हणजे ‘शॅल’चे बळही शब्दाबरोबर त्याच्या संदर्भावर अवलंबून असते. हे सारे निर्णय एकत्र आणून त्यांची शास्त्रशुद्ध मांडणी करणारा, भारतभर आधारभूत मानला गेलेला ग्रंथ ‘प्रिन्सिपल्स ऑफ स्टॅट्युटरी इंटरप्रिटेशन’ हा १९६६ साली प्रथम प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक न्या. गुरुप्रसन्न सिंह हे पुढे १९७८ ते १९८४ या काळात जबलपूर येथील उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते.

जेथे दोन शब्दांत आयुष्याचे अंतर आहे

संदर्भाने अर्थ बदलतो म्हणून ‘मे’ आणि ‘शॅल’ यांत फरकच उरत नाही, असे समजणे चुकीचे होईल. काही ठिकाणी विधिमंडळाने हे दोन शब्द जाणूनबुजून समोरासमोर ठेवले आहेत.

पनागरच्या एखाद्या रहिवाशाला अटक झाली आहे अशी कल्पना करू. गुन्हा जामीनपात्र असेल आणि तो जामीन देण्यास तयार असेल, तर त्याला सोडले ‘जाईल’; येथे ‘शॅल’ आहे आणि जामीन हा त्याचा हक्क आहे. गुन्हा अजामीनपात्र असेल, तर त्याला सोडता ‘येईल’. येथे ‘मे’ आहे आणि न्यायालयाला परिस्थिती तोलून पाहावयाची आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलमे ४३६ आणि ४३७ यांतील हा फरक १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. नागरिकाने घरी झोपावे की कोठडीत, हे येथे एका सहायक क्रियापदावर ठरते.

पुराव्याच्या कायद्यात ही जोडी आणखी स्पष्ट आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाने आरंभीच दोन शब्दप्रयोगांची व्याख्या केली. न्यायालयास एखादी गोष्ट ‘गृहीत धरता येईल’ असे म्हटले असेल, तर ते ती गृहीत धरील किंवा तिचा पुरावा मागील. ‘गृहीत धरील’ असे म्हटले असेल, तर ती खोटी ठरेपर्यंत ते ती सिद्ध झाली असेच मानील.

हा फरक केवळ शास्त्रार्थाचा नाही, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने दोन्ही आरोपी पोलिसांना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरविले, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा निर्दोष ठरविले. मुलीने प्रतिकार केल्याचे दिसत नाही, यावरून तिची संमती असल्याचा तर्क काढला गेला होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार विधिप्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि देशभर चळवळ उभी राहिली. १९८३ साली पुरावा अधिनियमात कलम ११४-अ घालण्यात आले. पोलिसांच्या किंवा अन्य ताब्यात असताना झालेल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि आपली संमती नव्हती असे स्त्रीने साक्षीत सांगितले, तर संमती नव्हती असे न्यायालय ‘गृहीत धरील’. येथे ‘मे’ नाही, ‘शॅल’ आहे. न्यायाधीशाच्या तर्कावर पूर्वी सोडलेली गोष्ट कायद्याने त्याच्या हातून काढून घेतली.

त्याच वर्षी आलेल्या कलम ११३-अ मध्ये मात्र ‘मे’ ठेवला गेला. लग्नानंतर सात वर्षांच्या आत विवाहितेने आत्महत्या केली आणि तिला क्रूरपणे वागविल्याचे दिसून आले, तर पतीने किंवा त्याच्या नातेवाइकांनी तिला प्रवृत्त केले असे ‘गृहीत धरता येईल’. १९८६ साली हुंडाबळीसाठी कलम ११३-ब आले, त्यात पुन्हा ‘गृहीत धरील’. शेजारशेजारच्या दोन कलमांत शब्द बदलला आहे तो लेखकाच्या लहरीने नव्हे. जो भाषांतरकार शैलीच्या सौंदर्यासाठी दोन्ही ठिकाणी एकच रूप वापरील, तो आरोपीचा किंवा मृत स्त्रीच्या आईवडिलांचा अपराधी होईल. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही विभागणी राखली आहे.

‘मे’ची मर्यादा

सत्ता देणाऱ्या शब्दाची मर्यादा कोठे, हा प्रश्न जबलपूरच्याच नावाने देशाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. अनुच्छेद ३५९ प्रमाणे आणीबाणीत राष्ट्रपतींना आदेशाद्वारे मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा अधिकार निलंबित करता येतो. तेथे शब्द ‘मे’ आहे. २७ जून १९७५ च्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ आणि २२ यांच्या बाबतीत ही सत्ता वापरली गेली. ज्या अनुच्छेद २१ मध्ये कोणाचेही जीवित किंवा स्वातंत्र्य कायद्याने घालून दिलेल्या कार्यपद्धतीवाचून हिरावून घेतले जाणार नाही असे ‘शॅल’च्या बळाने सांगितले आहे, त्याचाच दरवाजा या ‘मे’ने बंद झाला का? जबलपूर येथील उच्च न्यायालयासह अनेक उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचे अर्ज ऐकण्याजोगे मानले. २८ एप्रिल १९७६ रोजी अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मतांनी तो दरवाजा बंद असल्याचे ठरविले. वेगळे मत देणारे एकटे न्या. हंसराज खन्ना होते.

१९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्याच अनुच्छेदातील सत्तेला शब्दांचे कुंपण घातले : अनुच्छेद २० आणि २१ वगळून. ‘मे’ हा शब्द तेथून हलला नाही. त्याचे क्षेत्र मात्र ठरवून दिले गेले. पुढे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाच्या हक्काविषयीच्या निर्णयात १९७६ चा तो निर्णय रद्दबातल ठरविला. १९७६ च्या बहुमतात न्या. य. वि. चंद्रचूड होते आणि २०१७ च्या प्रमुख निकालपत्राचे लेखक त्यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड होते.

या सर्व उदाहरणांतून वाचकाला उपयोगी पडावेत असे तीन प्रश्न हाती लागतात. कागदात ‘करता येईल’ किंवा ‘कर सकेगा’ असे आढळले, की प्रथम पाहावे : ही सत्ता कोणाला दिली आहे? दुसरे : ती कोणाच्या हितासाठी दिली आहे? आणि तिसरे : ती वापरली नाही, तर कोणाचा हक्क बुडतो? कोणाचाच हक्क बुडत नसेल, तर ‘मे’ ही खरोखर मुभा आहे आणि अधिकाऱ्याची निवड मान्य करावी लागते. कायद्याने ज्याच्यासाठी सत्ता निर्माण केली त्याचाच हक्क बुडत असेल, तर अर्जदाराला ताठ मानेने कारण विचारता येते. आणि शेजारच्याच कलमात ‘करील’ असा शब्द दिसत असेल, तर विधिमंडळाने येथे वेगळा शब्द का वापरला, हेही तपासावे.

पनागरचा अर्जदार हिंदीत वाचील, भंडाऱ्याचा मराठीत. दोघांच्याही कागदामागे शब्द एकच असेल. ‘देता येईल’ एवढे वाचून अर्ज घडी करून परत खिशात ठेवण्याचे कारण नाही. त्या शब्दांनी अधिकाऱ्याच्या हाती किल्ली दिली आहे. कोठीतले धान्य कोणाचे, हे अजून ठरावयाचे आहे.